दोहीकडून

सप्टेंबरातल्या त्या रात्री नाल्यानं रस्ता विचारला नाही.
पहाटे चारला न्हाणीच्या जाळीतून वर आला,
नऊला निघून गेला,
जाताना भिंतीवर गुडघ्याएवढी एक रेघ ओढून.

फ्रिज गेला. गव्हाची कोठी गेली.
पलंग संत्र्याच्या पेट्यांवर चढवून
पंधरा दिवस आम्ही बेटावरचे.

दसऱ्याच्या आदल्या दिवशी कपाट सरकवलं
आणि मागे ती बसलेली.
काळी, मखमली, ठिपक्याठिपक्यांनी
न विचारता अख्खा जिल्हा वसवलेला.

मी कॉलेजात, वनस्पतिशास्त्राच्या प्रयोगशाळेत, एकवीस वर्षं
पावाचे तुकडे ओलवून बरण्यांत झाकून ठेवते.
पोरींना दाखवायला, हे तंतू, ह्या बीजाणूंच्या पिशव्या.
त्यातली निम्मी वेळेवर येतच नाही.
ही मी लावली नव्हती, म्हणून इतकी जोमात.

व्हिनेगर झालं. ब्लिचिंग पावडर झाली.
शेजारणीनं सांगितला तो कडुनिंबाचा धूर झाला.
दर आठवड्याला पुसली, दर आठवड्याला आली,
आणि ह्यांचा खोकला रात्री दोनला, गजर लावल्यासारखा.

रेवाराम निनावे मिस्त्रीनं बोटाच्या पेरानं टकटक केलं,
जीभ टाळ्याला लावून च्यक् केलं.
"रंग मारू नोका बाई आत्ताच.
पोटात ताप न् तोंडाले पावडर, तसं होते.
हे भित दोहीकडून खरवडा लागन."

दोहीकडून.

घर साठ सालचं, चुन्याचं, त्याला श्वास घेता येतो.
ही भिंत सत्त्याण्णवची, अर्ध्या विटेची, सिमेंटची,
बैठकीच्या मधोमध, पंख्याच्या हुकापासून चार बोटांवर.
बोअरच्या मोटारीचं बटण कोणी चालू ठेवलं
एवढ्यावरून दोन भाऊ वेगळे झाले.
बटण तिकडे गेलं, पंखा इकडे राहिला.
नळाच्या बिलावर अजून सासऱ्यांचं नाव येतं.

मी गेले. फाटकातून फाटकात, बारा पावलं.
रिकाम्या हातानं जाणं बरं दिसेना
म्हणून व्हिनेगरची अर्धी बाटली घेऊन.
जाऊबाईंनी दार उघडलं, बाटलीकडे पाहिलं.
"आमच्याकडे हिरवी आहे," म्हणाल्या. "तुमच्याकडे?"
"काळी."
"या बघायला."

रविवारी तोंडाला ओढण्या बांधून बसलो,
त्या त्यांच्या बाजूला, मी माझ्या.
त्यांची पत्ती लांब, सावकाश. माझी घाईची.
मध्येच त्यांचा हात थांबायचा, मग माझाही,
आणि कोणी काही बोलायचं नाही.
दुपारी खालच्या थरातली एक वीट
किडक्या दाढेसारखी माझ्या हातात आली.
पलीकडे त्यांची चप्पल दिसली. निळी, अंगठा शिवलेली.

"राहू द्या उन्हाळ्यापर्यंत," रेवाराम म्हणाला, "हवा खेळते."

भोक राहिलं.
त्यातून लसणाची फोडणी यायची, सिरियलमधली भांडणं यायची,
एक मांजर, जिला आम्ही दोघीही आपली नाही म्हणत होतो.
संक्रांतीला तिळगुळाची वाटी तिथूनच आली.
वाकून घ्यावी लागली.

ह्या शहरात मे महिन्याची वाट कोणी बघत नाही.
आम्ही बघितली.
शेहेचाळीस झालं. ओल नको म्हणून दोन्हीकडे
कूलर झाकलेले, वाळ्याच्या ताट्या गच्चीवर.
भिंत घामेजली नाही, आम्ही घामेजलो.
रेघ पांढरी पडली. खोकला कधी गेला ते कळलं नाही.

रेवाराम सिमेंटचं घमेलं घेऊन आला,
तळवा टेकवून म्हणाला, "खडखडीत."

जाऊबाई पलीकडून वाकल्या, हात आत घातला,
विटेच्या कडेवरून बोट फिरवलं.
"मला तर अजून थोडी ओल लागते."

मीही फिरवलं. बोटाला पांढरी भुकटी, कोरडी.
"हो," म्हटलं, "थोडी आहे."

त्यानं एकदा भोकाकडे पाहिलं, एकदा माझ्याकडे.
"सिमेंट गोठून ऱ्हायलं बाई," म्हणाला.